दाजी, कम्प्युटर फारच पळायला लागलाय

तीर्थस्वरूप किशोर दाजींना कोंडाण्याहून रूपेशचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून आहे, टेबलाखाली पडलेलं पेन उचलताना केला.) तुमचा गुडघा कसा आहे? वनिताताईचा खोकला गेला का? खालापुरात धूळ फार, तिला म्हणावं तोंडावर ओढणी घेत जा. इकडे आई, मी आणि कम्प्युटर, तिघंही ठणठणीत. कम्प्युटर जरा जास्तच ठणठणीत आहे, आणि दुःख तेच आहे.

फोनवरच बोललो असतो, पण त्या रविवारी "एवढा फास्ट करायला सांगितलं कुणी होतं?" असं मी तुमच्यावर ओरडलो आणि तेव्हापासून तुम्ही माझा फोन उचलत नाही. बरोबरच आहे. मेमरीची पट्टी तुमची, अक्कल तुमची, सुट्टीचा दिवस तुमचा, आणि वर ओरडा माझा. म्हणून हे पत्र भिवाजीकाकांच्या भाजीच्या टेंपोतून पाठवतोय. (कारल्याचा वास आला तर गैरसमज नको.) माझं डोकं कसं तापतं ते तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजही असंच सुटलं, सरांशी खुर्चीवरून भांडून. निदान या वेळी ते का तापलं एवढं ऐकून घ्या.

समीक्षा आठवते ना, आमच्या मागच्या आळीतली? तुमच्या लग्नात जिनं तुमचे बूट लपवले होते, ती. ती तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते आणि सराव पेपर नेटवर सोडवायला रोज संध्याकाळी आमच्याकडे यायची. तुम्ही दिलेला कम्प्युटर एकेक प्रश्न उघडायला इतका वेळ घ्यायचा, की पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागलं की आम्ही भाजलेल्या शेंगांचं ताट पुढ्यात ओढायचो. चाक फिरतंय तोवर बोलायचं, प्रश्न उघडला की गप्प बसायचं. अशाच एका चाकात तिनं विचारलं, "कालेज का सोडलंस रं?" अख्ख्या गावानं विचारून झालं होतं दाजी, पण उत्तर ऐकायला थांबली ती एकटीच. (थांबणं भागच होतं, पान उघडलं नव्हतं. पण तरी.)

मग एकदा ती हसत म्हणाली, "तुजा कम्प्युटर म्हंजे भिवाजीकाकांचा टेंपो हाय. चढावर उतरून ढकलावा लागतोय." मी हसायला हवं होतं. पण माझ्या वस्तूला नाव ठेवलं म्हणून मला झोंबलं, आणि मी तुम्हाला फोन लावला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी मनाच्या समाधानासाठी लिहितो. आधी तुम्ही दोष नेटचा की मशीनचा ते बघायला लावलंत. त्याच वायफायवर माझा मोबाइल भराभर चालला, म्हणजे मशीनचा. मग उघडी ठेवलेली सगळी पानं बंद केली, ब्राउझरला चिकटलेली नको ती बटणं काढली, साठलेला कचरा पुसला, ब्राउझर नवा घातला. तरीही तो रांगतच होता. शेवटी तुम्ही म्हणालात, झाकण उघड. उघडलं तर आत देव्हारा! दर खंडेनवमीला आई त्याची पूजा करते, आणि माझं कॉलेज सुटल्यापासून जरा जास्तच मनापासून करते. (मुलाचं नाही तर मशीनचं तरी डोकं चालू दे, असं ती देवाला सांगते. मोठ्यानं.) हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, उदबत्तीची राख, सगळं जाळीतून थेट पंख्यात गेलेलं. त्यात ओल लागू नये म्हणून पावसाळ्यात बांधलेलं प्लॅस्टिक कुणी सोडलंच नव्हतं. तापणार नाही तर काय होईल? ब्रशनं सगळं झाडलं, तुम्ही पाठवलेली नवी पट्टी बसवली आणि जुनी "भंगारात घाला" म्हणून तोऱ्यात तुमच्याकडे परत धाडली.

रविवारी समीक्षा आली. आईचा चहा उकळायच्या आत अख्खा पेपर संपला. चाक एकदाही फिरलं नाही. शेंगांचं ताट तसंच. ती पडद्याकडे बघत बसली आणि मी छाती फुगवून म्हणालो, "बघ, आता तुजा टाइम खोटी नाय होनार. आलीस, काम केलंस, निघालीस!" ती म्हणाली, "निघू का मंग?" दाजी, इथं फक्त 'बस की गं' म्हणायचं होतं. पण एवढी मेहनत केली आणि कौतुकाचा शब्द नाही, म्हणून मी भडकलो. "निघ की, आडवलंय कुनी?" चहा न घेता गेली. त्यानंतर आलेली नाही. ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मी तुम्हाला फोन केला होता. ओरडायला दुसरं कुणी नव्हतं.

आता काय बघायचं ते मनात येण्याआधी पान उघडतं, आणि बघायचं असं काही नाही. संध्याकाळी शेंगा मात्र सवयीनं भाजल्या जातात. दोन माणसांच्या.

ताईला एक नमस्कार, तुम्हाला दोन. दुसरा त्या फोनबद्दल आहे, तो पदरात घ्या.

तुमचा मेहुणा,
रूपेश

ता. क. पत्राचं खरं कारण हे, की जुनी पट्टी भंगारात गेली नसेल तर भिवाजीकाकांच्या हाती परत द्या. नवी लगेच पाठवतो.

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवताना चुलतबहीण रिया खांद्यावरून सगळं वाचून खो खो हसली. म्हणते, समीक्षाच्या घरी भावाचा नवाकोरा लॅपटॉप दिवाळीपासून आहे आणि नेटही आपल्यापेक्षा चांगलं आहे. दिवाळीपासून, दाजी! आणि कालच तिनं रियाला विचारलं म्हणे, "त्याचा कम्प्युटर परत कवा बिघडतोय गं?"

शेवटचं ता. क. पट्टीची घाई नाही. खंडेनवमी लांब आहे, पण आईला म्हटलं, कम्प्युटरची पूजा आपण उद्याच करू. अक्षता जरा सढळ हातानं टाक.