सकाळी पिणाऱ्यांची यादी

आबा,

तुम्हाला मी आयुष्यात एकही पत्र लिहिलं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, असं त्याचं कारण मी इतकी वर्षं सांगत आलो. ते खरं कारण नव्हे. आपल्या हरिपुरात लोकांची पत्रं वाचून दाखवणारे दोघे होते, आणि त्यांतला एक मीच होतो. आज साताऱ्यात माझ्या खोलीत टेबलावर फुलस्केप कागद मांडले, टाक पुसला, दौतीचं झाकण काढलं, ते तुमच्यासाठी नव्हतंच. अर्ज लिहायचा होता. आळीतले तिघे सकाळीच सांगून गेले. आमच्या आळीत, कोपऱ्यावरच्या खोलीत एक मजूर राहतो, बर्फाच्या कारखान्यात रात्रपाळीला जातो. सातला सुटतो, कुठूनशी हातभट्टीची मिळवून पितो आणि साडेसात-आठच्या सुमारास आपल्या पायरीवर गप्प बसून राहतो. कुणाला शिवी नाही, कुणाची वाट अडवणं नाही. त्याला खोली सोडायला लावा, असा घरमालकाला अर्ज करायचा आहे. "आवं, तुमच्यासारखं अक्षर कुणाचं हाय? तुमी लिवलं की मालक वाचनारच," एक म्हणाला. मी विचारलं, तो नेमका त्रास काय देतो? तर दुसरा उसळून म्हणाला, "सकाळी पितोय वो, सकाळी! रातच्याला कोन बी पितंय, त्येचं काय न्हाई." मी मान हलवली. दहाला या म्हटलं. ते गेले आणि मी 'विनंती अर्ज' एवढे दोन शब्द लिहिले. त्यांच्या खाली तुमच्या गुत्त्याचं बाकडं दिसायला लागलं.

तुमचा गुत्ता, असं मी लिहून गेलो. तेव्हाही मी मनात तसंच म्हणायचो. लढाई चालू होती, मी तेवीस वर्षांचा होतो. शाळा चौथीत सुटलेली. पुढचं सगळं माझं मी शिकलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजी शब्दकोशाची पाठ फाटलेली एक प्रत घेऊन रोज वीस शब्द, एकही दिवस न चुकता. त्या जोरावर सांगलीच्या पेठेत हळदीच्या अडतीवर दिवाणजी झालो होतो. सायकल होती. धोतराला कधी हळदीचा डाग पडू देत नसे. आणि रोज सकाळी पेठेत जाताना वाटेत पेवांचं माळरान लागायचं, माळाच्या कडेला चिंच, चिंचेखाली सरकारमान्य दारूचं दुकान, आणि दुकानाच्या दारातल्या बाकड्यावर, डाव्या टोकाला, तुम्ही. पुढ्यात काचेचा गलास. घड्याळ बघायची मला खोड. सव्वाआठ झालेले असायचे. तुम्ही हात वर करायचात. मी दुसऱ्या बाजूच्या उसाकडे बघत पायडल मारायचो.

ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांना सांगायचं तर जमिनीत खणलेलं हळदीचं कोठार. वर तोंड एक माणूस जाईल एवढंच, आत रांजणासारखं पोट. खोली पंचवीस फूट. नाही, तुमच्या हातांनी सोळा हात, म्हणजे चोवीसच. आत पाचटाचं अस्तर, वर माती लिंपून बंद. वर्ष-दीड वर्षानं ते फोडायचं, तर आतली हवा कोंडून विषारी झालेली असते. उजाडता तोंड उघडायचं आणि दोन-तीन तास पेवाला तसंच श्वास घेऊ द्यायचं. मग दोराला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर पहिला माणूस उतरणार. विझला तर आणखी थांबायचं. तो टोळीचा कंदील तुमच्याच ताब्यात असायचा आणि पहिले उतरणारेही तुम्हीच. तळाशी पोचून तुम्ही "हूं" म्हणालात की मगच बाकीचे. आणि ते मधले दोन-तीन तास, तोंड उघडल्यापासून कंदील सोडेपर्यंतचे, तुमची टोळी चिंचेखाली बसायची. दुसरीकडे सावली नव्हती, हेही खरं.

गावाचा न्याय मात्र घड्याळावर चालायचा. संध्याकाळी त्याच बाकड्यावर बसणाऱ्याला लोक दमलाय म्हणायचे. रात्री पिणाऱ्या पाटलाबद्दल कुणी बोलतच नसे. सुट्टीवर आलेला फौजी सकाळी आठला प्याला, तर "लढाईवरनं आलाय गड्या, पिऊ दे" म्हणून त्याला आणखी पाजायचे. आणि पेवातला माणूस त्याच आठला बसला की दारुडा. मलाही तेच पटत होतं. माणूस पितो की नाही यापेक्षा तो किती वाजता पितो यावर मी त्याची किंमत करत होतो. माझ्या धन्याचं एक गिऱ्हाईक एकदा दुकानात शिरता शिरता सहज म्हणालं, "दिवाणजी, तुमचं वडील बसल्यात वाटतं आत्तापास्नंच." सगळे कामाला लागल्यासारखे खाली बघायला लागले. मी खतावणी पुढे ओढली. ते वाक्य त्या दिवशीच्या प्रत्येक ओळीत मला टोचत राहिलं.

मी एकदाच त्या दारात आलो, आठवतं? सायकल उभी केली, आत आलो नाही. टोळीतला एक जण ओरडला, "आलं पंडित! जोडं काढून आत या पंडित, हितं बी तीर्थच मिळतंय!" सगळे हसले. तुम्हीही हसलात, त्याचा मला जास्त राग आला. तुम्ही बाकड्यावर सरकून जागा केलीत. "ये की रं. बस पाच मिंटं."

"सकाळच्या पारी?" मी म्हणालो. माझ्या तोंडून 'पारी' हा शब्द त्या वर्षात पहिल्यांदा निघाला असेल. रागात शुद्ध भाषा टिकली नाही.

"सकाळच्या पारीच तर बसाया लागतंय, बाळा," तुम्ही म्हणालात.

हे वाक्य मी पुढे कितीतरी जणांना तुमची नक्कल करून सांगितलं. दारुड्याची सबब कशी असते बघा, म्हणून.

त्याच सुमारास गावातल्या सुधारणावाल्या मंडळींनी ठरवलं की दुकान दुपारी बारापर्यंत बंद ठेवावं, असा कचेरीत अर्ज करायचा. मसुदा माझ्याकडे आला. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या अर्जातल्या प्रत्येक स्वल्पविरामाचा मला आजही अभिमान आहे. आमच्या पुढाऱ्यांचं म्हणणं पडलं की नुसत्या तक्रारीला वजन येत नाही, रोज सकाळी पिणाऱ्यांची नावं जोडली पाहिजेत. मी यादी केली. चौदा नावं. अकारविल्हे लावायची माझी सवय. पण त्या यादीत मी क्रम मोडला आणि सगळ्यांत वर तुमचं नाव लिहिलं, पूर्ण, बापाच्या नावासकट, वळणदार. देवळाच्या ओवरीत ती मोठ्यानं वाचली गेली. पहिल्या नावाला सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मग शाळेतले मोठे गुरुजी उठले, ज्यांनी मला कधी नावानं हाक मारली नव्हती, त्यांनी माझा हात हातात घेतला. "बापालासुद्धा सोडलं नाही. ह्याला म्हणतात तत्त्व." त्यांच्या तळहाताला खडूची पूड होती. तेवढा मान मला आयुष्यात ना आधी मिळाला, ना नंतर.

अर्ज मंजूर झाला. दुकान बारानंतर उघडू लागलं. पण यादीची नक्कल पेठेतही फिरली होती, हे माझ्या हिशेबात नव्हतं. व्यापाऱ्यांनी मुकादमाला बजावलं की यादीतला माणूस पेवात उतरवायचा नाही, काही झालं तर आमच्यावर येईल. तेरा जण तरणे होते, गाड्या भरायला गेले, एक-दोघे फौजेत गेले. तुम्ही पन्नाशी ओलांडलेले. मुकादम घरी आला तेव्हा मी ओसरीवर दाढी करत होतो. तो दाराशीच उभा राहिला. "आबा, लय वंगाळ वाटतंय, पर कंदील द्या." तुम्ही "थांब जरा" म्हणालात आणि चुलीतली राख घेऊन बसलात. काच उतरवली, राखेनं घासली, धोतराच्या सोग्यानं पुसली, उजेडात धरून पाहिली, पुन्हा पुसली. वात कातरलीत. मग दोन्ही हातांनी दिलात. "वात थोडी डावीकडं वढतीया," एवढंच सांगितलंत. मी आरशात बघत राहिलो. अर्धा गाल साबणाचा तसाच वाळला.

आठ दिवसांनी तुम्ही मला म्हणालात, "त्यो कागूद हाय का रं तुज्यापाशी? नावांचा?" कच्चा मसुदा माझ्या ट्रंकेत होता. मी काढून दिला. मला वाटलं आता फाडाल, आता बोलाल. तुम्ही तो जमिनीवर पसरलात, उकिडवे बसलात. "ह्यात माजं नाव कंचं?" मी दाखवलं. "पयलंच व्हय?" तुम्ही हळदीनं कायमची पिवळी झालेली तर्जनी नावावर ठेवून पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सावकाश नेलीत, चढाच्या वाटेनं चालावं तशी. स्वतःचं नाव लिहिलेलं तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतात, हे माझ्या ध्यानात आलं. "झ्याक दिसतंय," म्हणालात, घडी घालून परत दिलात आणि गोठ्याकडे गेलात. त्यानंतर सकाळी तुम्ही घरीच असायचात. सव्वाआठला उंबऱ्यावर बसायचात, तोंड माळाकडे. मी सायकल काढताना तुम्ही हात वर करत नव्हतात. एका घरातून निघणाऱ्याला कोण हात करतं?

तिसऱ्या वर्षी तुम्ही गेलात. दहाव्याला घाटावर गुत्तेवाला आला होता. मी त्याच्याशी बोलणार नव्हतो, तोच जवळ येऊन बसला. म्हणाला, "येक सांगू का? तुमच्या आबानं माज्या दुकानात कवा घोटभर बी घेतली न्हाई. त्येंच्या गलासात पानी असायचं. मीच भरून ठेवायचो, घागरीतलं." मी विचारलं, मग बसायचे कशाला? "मोजत बसायचं. कोन किती पितोय त्ये. येक गलासवाल्याला खाली उतरवायचं, दोनवाल्याला वर दोरावर ठिवायचं, त्येच्या म्होरं गेला की प्वाट दुकतंय असं कायतरी त्येच्याच तोंडनं वदवून घरी लावून द्यायचं. मोकळ्या हातानं कोन बसलं की पिनारी बुजत्यात, म्हून गलास." मी म्हणालो, मला का नाही सांगितलं? त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कुनालाच न्हाई सांगितलं. कळलं असतं तर मानसं चोरून प्याली असती, मग काय मोजनार?" दुकान सकाळचं बंद झाल्यावर तसंच झालं होतं, टोळीतले नवे गडी घरूनच घेऊन यायला लागले. पहिल्याच उन्हाळ्यात एक जण निम्म्या पेवातून निसटून खाली गेला, कमरेचं हाड मोडलं. तुम्ही महिनाभर त्याच्या घरी जाऊन बसत होतात. मला तेव्हा वाटलं होतं, जुना दोस्त असेल.

इथवरचं मी आळीतल्या एक-दोघांना सांगितलेलं आहे. मला माहीत नव्हतं, गैरसमज झाला, वडील बोलले असते तर, असं म्हणून. ऐकणारे हळहळतात, माझ्याबद्दलही. म्हणून पुढचं फक्त इथे लिहितो.

अर्ज वाचला गेला त्याच्या आदल्या सकाळी मला पेठेत जायला उशीर झाला होता. सव्वानऊ झाले होते. तुम्ही बाकड्यावरून उठून रस्त्यात आलात आणि माझ्या सायकलीची मूठ धरलीत. माझ्या सदऱ्याची कॉलर आत मुडपली होती. ती तुम्ही दोन बोटांनी बाहेर काढलीत, नीट बसवलीत. तुमचं तोंड माझ्या तोंडापासून वीतभर होतं. "जा आता. सायबावानी दिसतुयास," म्हणालात. तुमच्या तोंडाला सुपारीचा वास होता. अंगाला हळदीचा, हातांना रॉकेलचा. चौथा कुठलाही वास नव्हता. बारीकसारीक टिपून ठेवणारा माणूस मी, मी तेही टिपलं. पेठेपर्यंतच्या वाटेवर ते माझ्या डोक्यात होतं. संध्याकाळी यादी लिहायला बसलो तेव्हाही होतं. तुमचं नाव काढलं असतं तर ती तेरा मजुरांची यादी झाली असती, कुणीही लिहिली असती अशी.

तो मसुदा ट्रंकेत अजून आहे. पहिल्या नावाखाली तुमच्या बोटाचा हळदीचा पट्टा आहे, पुसट झालाय. हे पत्र त्याच्याच खाली ठेवीन. टाकायला तर दुसरी जागा नाही. खिडकीतून कोपऱ्यावरची खोली दिसते. तो गडी पायरीवर बसलाय, डोकं भिंतीला टेकून. दहाला पाच कमी आहेत, ते तिघे येतील. अर्ज लिहिणार नाही, एवढं माझं ठरलं आहे. का लिहिणार नाही, ते मात्र मी त्यांना सांगणार नाही, आबा. कागद संपले, म्हणेन.