बसपाशी विचारायचा शब्द

सोमवार, ६ फेब्रुवारी २०२३

एकशे बारा! चार तास खपून केलेल्या रीलला एकशे बारा व्ह्यूज. 'फडताळ' शब्दावरची. वरच्या मजल्यावरच्या सरला आंटींच्या हातापाया पडून त्यांचं जुनं लाकडी कपाट मिळवलं, साडी नेसले, तीनदा एडिट केलं. आणि ती कोण नोएडाची बाई लिपस्टिक लावता लावता नुसती हसली, तर तिला दोन लाख!

रोज एक विसरत चाललेला मराठी शब्द, ही माझी टूम. नोकरी सुटल्यापासून दीड वर्ष चाललीय. सुजय म्हणतो, "यार अक्षता, कुणासाठी करतेस हे?" मी म्हटलं, तुझ्या लेकीसाठी. आठ वर्षांची झाली, कोनाडा म्हणजे काय माहीत नाही. खरं सांगायचं तर (इथे तरी सांगते) माझ्यासाठी करते. कुणीतरी बघावं म्हणून.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

कमेंट एकच. नेहमीचीच, कुमुदिनी मावशी. फोटोच्या जागी जास्वंद. रील टाकली की पाच मिनिटांत हजर. "किती गोड! माझी आई हाच शब्द वापरायची." आज पुढे लिहिलं होतं, "मागे मेट्रोचा आवाज येतो. मयूर विहार का? आम्हीही जवळच."

दिल्लीत आपलं माणूस! जीव सुपाएवढा झाला. लिहिलं, हो हो, फेज वन.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

चमत्कार! आमची लेक प्रज्ञा मध्येच फ्रेममध्ये घुसली आणि 'उतरंड'ला 'उटरंड' म्हणाली. कापायचा कंटाळा केला. नऊ हजार! म्हणजे मी घसा फोडून सांगितलं तर एकशे बारा, आणि पोरगी चुकली तर नऊ हजार. चुलीत गेलं ते अल्गोरिदम.

मावशींची कमेंट: "बाळ रोज दिसू दे."

शनिवार, १८ फेब्रुवारी

प्रज्ञाला घेऊन सलग तीन रील. अकरा हजार, सात, चौदा. "आई, आज नको, खेळायला जाते," म्हणाली. मी म्हटलं, एकच बेटा, प्लीज. चॉकलेट कबूल केलं तेव्हा उभी राहिली. हसली पण नाही नीट, तर मी चिडले.

लिहिताना लाज वाटतेय. पण चौदा हजार!

मंगळवार, २१ फेब्रुवारी

प्रज्ञाशिवाय रील टाकली. दोनशे सहा.

मावशी: "आज बाळ नाही? निळं दप्तर छान शोभतं तिला."

दप्तर? दप्तर घेऊन तिची एकही रील नाही. दुपारभर सगळ्या रील उघडून बघितल्या, दीड वर्षाच्या. निळं दप्तर कुठेच नाही.

बुधवार, २२ फेब्रुवारी

सुजयला सांगितलं. "ब्लॉक कर. आत्ता." मी म्हटलं, अरे, इथेच कुठेतरी राहतात, भाजीबाजी आणताना दिसली असेल पोर. मराठी बाई आहे, काय करणार आहे? तो म्हणाला, "मराठी आहे म्हणून काय लगेच देवमाणूस झाली?"

भांडण झालं. ब्लॉक केलं नाही. पहिल्या तासात कमेंट आली नाही तर रील तिथेच मरते, हे त्याला कोण समजावणार! पहिल्या तासात माझ्याकडे कोण येतं? एकटी तीच.

सोमवार, २७ फेब्रुवारी

मराठी भाषा दिन. आज काहीतरी मोठं हवं होतं. सगळे शब्द संपल्यासारखे झालेले. मग शिंकाळं आठवलं.

शिंकाळं हा आमचा घरातला शब्द. दोन वर्षांपूर्वी सोसायटीत पोरं पळवणाऱ्यांची अफवा उठली तेव्हा ठरवलेला. शाळेच्या बसपाशी मी किंवा सरला आंटी सोडून दुसरं कुणी घ्यायला आलं, तर प्रज्ञाने शब्द विचारायचा. बरोबर आला तरच जायचं. शब्द मीच निवडला. दह्याचं मडकं आढ्याला टांगायची ती दोरीची झोळी आता कुणाला माहीत आहे! दिल्लीत मराठी म्हणजे कुलूपच. ऑटोवाल्यासमोर, भाजीवाल्यासमोर, मेट्रोत, आपण बिनधास्त बोलतो, कुणाला कळत नाही.

ही सगळी गोष्ट कॅमेऱ्यासमोर सांगितली. बसची, शब्दाची. सांगताना डोळ्यांत पाणी आलं, खरंखुरं. टाकली.

प्रज्ञाने पाहिली. म्हणाली, "आई, हे आपलं सिक्रेट होतं ना?"

"अगं, इथे कुणाला मराठी येतं?" मी म्हणाले. तिने फोन माझ्या हातात ठेवला आणि आत गेली.

मंगळवार, २८ फेब्रुवारी

दोन लाख!!! फोन गरम झालाय. बायका लिहितायत, रडलो म्हणून. नोएडाच्या एका कंपनीचा मेसेज आलाय, मसाल्यांची जाहिरात, भेटायला या.

सुजयने ऑफिसात कुणाच्या तरी फोनवर पाहिली. घरी येऊन बूटही काढले नाहीत. "मराठी न येणारे ही रील बघतात का, अक्षता? तुझे सगळे प्रेक्षक मराठीच आहेत ना?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शप्पथ. म्हटलं, उद्या शब्द बदलू.

बुधवार, १ मार्च

चार लाख. दिवसभर कमेंटना उत्तरं देत बसले. शब्द बदलायचा राहिला.

शिंकाळ्याच्या रीलवर कुमुदिनी मावशींची अजून कमेंट नाही. पहिल्यांदाच. बरं वाटायला हवं. वाटत नाहीये.

शुक्रवार, ३ मार्च

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मसालेवाल्यांनी दीड तास बसवून ठेवलं. हवी होती प्रज्ञा. "बच्ची के साथ ही चाहिए, मॅम." परत येताना न्यू अशोक नगरच्या पुढे मेट्रो उभी राहिली. प्रज्ञाची बस सव्वादोनची. दोन वाजून दहा मिनिटं झालेली. सरला आंटींना फोन लावला, त्या आंघोळीला. पुन्हा लावला. उचलला तेव्हा सव्वादोन वाजून गेले होते.

त्या ओल्या केसांनी खाली धावल्या. प्रज्ञा बसवाल्या दीदीचा दुपट्टा घट्ट धरून उभी. मरून रंगाची शाल घेतलेली एक बाई आली होती, दीदी सांगत होती, "हँसके बोल रही थी, अपनी भाषा में." दीदीला वाटलं, घरचीच कुणी. जा म्हणाली. प्रज्ञा हलली नाही. ती किंचाळायला लागली तेव्हा बाई गेटबाहेर ऑटोत बसली.

सोसायटीच्या गेटवरच्या गार्डने रजिस्टरमधलं नाव दाखवलं. कुमुदिनी. नात्याच्या रकान्यात 'मावशी'.

पोलिसात तक्रार दिली. ते अकाउंट आता दिसतच नाही. मी रील काढून टाकली. चार लाख लोकांच्या डोक्यातून कशी काढणार?

प्रज्ञाला पोटाशी धरून विचारलं, शब्द सांगितला का गं तिने?

"हो. अगदी बरोबर. शिंकाळं."

मग तू का नाही गेलीस?

"तो आता आपला नव्हता ना."

सोमवार, ६ मार्च

नवा शब्द ठरलाय. प्रज्ञाने स्वतःच निवडला. सुजयला कानात सांगितला. वर जाऊन सरला आंटींना सांगितला, त्यांनी म्हणे दहादा घोकला.

मी विचारलं, "आणि मला?"

ती दप्तर भरत होती. वर न बघता म्हणाली, "तुला नको, आई. तू सगळ्यांना सांगतेस."