आईचा पहिला गोळा

मिरज
रविवार, ३ फेब्रुवारी १९७४
सकाळचे साडेसात. दळण आणलं, डबा भरून ठेवला आणि लिहायला बसलो.

प्रिय रूबेनदादास,
बेंजामिनचा सप्रेम शालोम.

इकडे सर्व ठीक. आईचा गुडघा थंडीत धरतो, पण ती चालते-फिरते. माधवनगरच्या गिरणीत मला या महिन्यात दुपारची पाळी आहे. काल शब्बाथचा विसावा म्हणून लिहिलं नाही. इस्राएलला जायचे आईचे आणि माझे कागद तू मुंबईहून पाठवलेस ते पोचले. त्यांच्याविषयी पुढे लिहितो.

आधी भाकरीविषयी. डिसेंबरात तू आलास तेव्हा आई भाकऱ्या करत होती आणि नेहमीप्रमाणे तिने पिठाचा पहिला लहान गोळा चुलीत टाकला. तू म्हणालास, "आई, हा हिंदूंचा नैवेद्य. तिकडे असलं करशील तर लोक विचारतील, तुम्ही यहुदी कशावरून?" तुला हे आठवतही नसेल. तेव्हापासून तिने गोळा टाकलेला नाही. पीठ मळून झालं की बोटं चिमूट तोडतात, हात चुलीकडे वळतो, आणि चिमूट परत पिठात दाबली जाते. मी रोज बघतो.

तुझं खरं की आईचं, मला कळेना. तू बी. ए., मी नववीत शाळा सोडलेला. म्हणून विचारत सुटलो.

पहिल्यांदा शेजारच्या धोंडुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आवं, म्या तर तुमच्या आईचं बघून टाकाय लागले! म्हटलं, ह्यांचा देव लय कडक, त्याला बी घास जाऊ दे." आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पण औंधला त्यांची सासूही चुलीला घास द्यायची, असं धोंडुबाईच पुढे बोलून गेल्या. तेव्हा हा पुरावा धरता येत नाही.

मग रजा काढून पुण्याला गेलो. आपल्या प्रार्थनामंदिरात प्रार्थना चालवणारे एक म्हातारे हझान भेटले. ते म्हणाले, "मळलेल्या कणकेतला तुकडा वेगळा काढून जाळायचा, हा आपला जुना धर्मनियमच आहे. त्याला हल्ला म्हणतात." शब्द चुकू नये म्हणून मी त्यांच्याकडून अक्षरं तपासून घेतली. घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "हल्ला? अगं बाई, कुणावर?"

पण दादा, हझान पुढे जे म्हणाले तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर मी लबाड ठरेन. हा नियम गहू, जव अशा धान्यांना लागू. तांदळाला नाही, जोंधळ्याला नाही. म्हणजे कोकणात आजी तांदळाच्या पिठातून काढायची आणि इथं आई जोंधळ्याच्या, ते नियमात बसतच नाही. आणि कुणी गावाला निघालं की आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, ते तर आपल्या धर्मात कुठंच नाही. ते इथल्या मातीतलं. तेवढ्यापुरतं तुझं बरोबर.

मी आईला म्हटलं, "शुक्रवारी रेशनच्या गव्हाची कणीक मळ, तिच्यातून काढ. मग दादाला बोलायला जागा राहणार नाही."

ती म्हणाली, "बेन्या, दुष्काळात कुठं होता गहू? रेशनवरचा लाल मिलो जोंधळा खाल्ला आपण. त्यातनंबी पहिला गोळा देवाचाच काढला मी. तवा त्यानं मुकाट घेतला, आणि आता धान्य विचारणार व्हय?"

मग परातीत बघतच ती म्हणाली, "रूबेनला लिही. त्याच्याबरोबर येईन मी. पण त्याच्या घरी पिठाला हात लावणार न्हाई. बसून खाईन."

जन्मभर सगळ्यांना रांधून वाढणाऱ्या आईने बसून खायचं म्हणजे काय, ते तुला मी समजावायची गरज नाही.

आता कागद. ते येऊन तीन आठवडे झाले. आई विचारते, "अंगठा कुठं लावायचा?" आणि मी म्हणतो, शाई वाळली आहे. शाई वाळलेली नाही. यापुढे तसं सांगणार नाही. सरळ सांगेन की दादाचं पत्र येईपर्यंत अंगठा लावायचा नाही.

ते पत्र तू लिही. नियम काय आहे ते त्यात लिहू नकोस, ते मी विचारून आलो आहे. एवढंच लिही की तिकडच्या तुझ्या घरात तिने पहिला गोळा काढावा आणि विस्तवात टाकावा, गव्हाचा असो की जोंधळ्याचा. कुणी विचारलं तर उत्तर तू देशील, तिला द्यावं लागणार नाही. असं पत्र आलं तर मी स्वतः तिचा अंगठा घेईन आणि तिच्याबरोबर गाडीत बसेन. नाही आलं तर ती इथंच राहील, आणि मीही. हे रागाने लिहीत नाही. दोनदा वाचून पाहिलं, एक शब्दही बदलावासा वाटला नाही.

वहिनींना शालोम. पत्र आईच्या नावाने टाक. वाचून मी दाखवीन, पण पाकीट तिलाच फोडू दे.

तुझा धाकटा, आणि या एका बाबतीत न वाकणारा,
बेंजामिन