वाणाचं पुस्तक आणि नववा रकाना

अहो,

शुक्रवारी अर्जाची शेवटची तारीख आहे आणि नववा रकाना अजून मोकळा आहे. म्हणून लिहायला बसलेय. तुमचं वर्षश्राद्ध झालं तेव्हासुद्धा मला पत्र सुचलं नाही आणि आज एका सरकारी फॉर्मपायी सुचतंय, याचा राग मानू नका. फॉर्मचं काही अडलं की तुम्हाला हाक मारायची, ही सवय तुम्हीच लावलीत ना?

तेच ते, नवोदित लेखकांचं अनुदान. पहिलं पुस्तक छापायला सरकार मदत करतं ते. एकसष्टाव्या वर्षी मी नवोदित! ही माझी चौथी खेप. पहिल्यांदा रहिवासाचा दाखला जोडायचा राहिला. दुसऱ्यांदा हस्तलिखित परत आलं, कारण मी काटकसर म्हणून कागदाच्या दोन्ही बाजूंना टाइप करून घेतलं होतं. तिसऱ्या वर्षी जाहिरात आली तेव्हा तुम्ही दवाखान्यात होतात. सलाईन लावलेल्या हातानं तुम्ही पेपरातली ती जाहिरात फाडून उशीखाली ठेवलीत आणि मला सांगायचं विसरलात. सगळं आटोपल्यावर तुमचे कपडे घरी आणले, त्यांच्या घडीत तो कागद निघाला. तोवर तारीख उलटून गेली होती.

दमलेय हो मी. गोष्टी लिहायला जेवढा जीव लागला नाही, तेवढा त्या माझ्याच आहेत हे पटवून द्यायला लागतोय. परवा स्वारगेटहून बस बदलून कोर्टापाशी गेले, प्रतिज्ञापत्र करायला. ‘हे माझे पहिलेच पुस्तक आहे’ असं त्यात लिहून द्यायचं असतं. टाइप करणारे गृहस्थ बोटं यंत्रावर ठेवून वाट बघत होते आणि मी हातातला फॉर्मच पुन्हा वाचत बसले. शेवटी म्हणाले, “बाई, पहिलं आहे की नाही एवढंच विचारलंय. एवढा विचार लोक लग्नातसुद्धा करत नाहीत.” मी उद्या येते म्हणून उठले. अजून गेलेली नाही.

तुम्ही असतात तर हे दोन मिनिटांत झालं असतं. तीस वर्षं कचेरीत आवक-जावकचं टेबल सांभाळलंत, तुमचा नियमच होता की रकाना मोकळा सोडायचा नाही. सांगण्यासारखं काही नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. मोकळ्या जागेत दुसराच कोणीतरी काहीतरी लिहितो म्हणायचात. किराणाच्या यादीतसुद्धा ‘साखर: निरंक’ लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तर नववा रकाना असा आहे: ‘यापूर्वी प्रकाशित पुस्तक असल्यास नाव, प्रकाशक व किंमत. प्रत जोडावी.’

आता तुम्हीच सांगा, काय लिहू?

ती संक्रांत आठवते? मला वाणाला स्टीलच्या वाट्या हव्या होत्या. तुम्ही म्हणालात, वाणाचं मी बघतो. हळदीकुंकवाच्या दिवशी दुपारी सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आलात. वाटलं, वाट्या एवढ्या चपट्या कशा? सोडून बघते तर माझ्या पाच गोष्टी! गुलाबी कव्हर, वर नारळ आणि कलश. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून छापून घेतलं होतंत, त्याच्याकडे तेवढंच चित्र होतं. नाव ‘दुपारच्या पाण्याची वेळ’. खाली प्रकाशक म्हणून तुमचं नाव आणि किंमत: विक्रीसाठी नाही.

मला न विचारता कपाटातून माझी वही काढलीत, का हो? एकदा, एकदाच विचारायचं होतंत! त्यातली तिसरी गोष्ट मला पुन्हा लिहायची होती.

आणि मग त्या चाळीस बायका. एका हातात तिळगूळ, दुसऱ्या हातात माझं पुस्तक. एकीनं कलश बघून विचारलं, कुठल्या व्रताची पोथी आहे? दुसरीनं कव्हर चाचपून बघितलं, आत रुमाल वगैरे आहे का म्हणून. मी स्वयंपाकघरात जाऊन बसले ती शेवटची बाई जाईपर्यंत बाहेर आले नाही. वीस वर्षं मी मनात ज्याची वाट पाहिली होती ते असं, हळदीकुंकवाच्या पिशवीत बोरं आणि हरभऱ्याच्या घाट्यांबरोबर कोंबलं गेलं.

रात्रीपर्यंतही थांबले नाही. दारातच म्हटलं, “हे पुस्तक नाही. पुस्तक असं नसतं.”

तुम्ही “बरं” म्हणालात आणि तिळगुळाच्या रिकाम्या ताटल्या उचलायला लागलात.

उरलेल्या प्रती मी आठवड्याभरात रद्दीत दिल्या. तुमच्यासमोर. त्याबद्दल तुम्ही कधी एक शब्द काढला नाहीत. भांडायचं तरी होतंत माझ्याशी!

तुमच्या कचेरीच्या पिशवीत मला, तुम्ही गेल्यावर, त्या पाच गोष्टींची तुमच्या हातची नक्कल सापडली. छापखान्यात माझी वही द्यायला नको, हरवेल, म्हणून तुम्ही जेवणाच्या सुट्टीत बसून सगळं उतरवून काढलं होतंत. कचेरीतल्या रद्दी, पाठकोऱ्या कागदांवर. पुढे माझ्या गोष्टी, मागे रद्द झालेले अर्ज. सरकारकडून मला आजवर मिळालेलं अनुदान म्हणाल तर तेवढंच. तिसऱ्या गोष्टीत मी जिथे खाडाखोड केली होती, तिथे तुम्ही समासात बारीक अक्षरात लिहिलंय, ‘येथे विचारणे’. मग विचारलं का नाहीत? की विचारलं असतं तर मी छापू दिलं नसतं, हे ठाऊक होतं?

सोमवारी अनुदानाच्या कार्यालयात फोन केला. बाई चांगल्या होत्या, घाई केली नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, दुकानात विक्रीला नव्हतं, नोंदणी नाही, क्रमांक नाही, म्हणजे आमच्या दृष्टीनं ते पुस्तकच नाही. सरळ निरंक लिहा. मी विचारलं, आणि लिहिलं तर? त्या म्हणाल्या, “लिहिलंत की छाननीत शंका निघणार. एकदा शंका निघाली की अर्ज बाजूला पडतो. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?”

म्हणजे बघा, माझं आणि सरकारचं एकदाच एकमत झालं, तेही त्या वाक्यावर. ते पुस्तक नाही. फोन ठेवला आणि मला रडू कोसळलं.

तरी निरंक लिहायला पेन उचललं होतं, खोटं कशाला सांगू? पुस्तक निघावं असं मला अजून वाटतं. फार वाटतं. पण म्हटलं, लिहिण्याआधी एकदा ते डोळ्यांनी बघावं. घरात एकही प्रत नाही, तेव्हा खाली शमीमभाभींकडे गेले. त्या दिवशी त्या तिळगूळ घ्यायला आल्या होत्या आणि तुम्हीच त्यांना वाण दिलं होतंत. भाभींनी शिलाई मशीनच्या खणातून ते काढलं. त्याला त्यांनी ब्लाउजपिसाचं कव्हर शिवलंय! म्हणाल्या, “शैलाताई, त्या बाईला तुम्ही माहेरी परत का पाठवलंत, ते विचारायचं राहूनच गेलं. दर वेळी वाचते आणि तिथं मला राग येतो.” तिसरी गोष्ट. तीच. दर वेळी, म्हणाल्या.

मी पहिलं पान उघडलं. तुमचं अक्षर: ‘शमीमभाभी यांस, सप्रेम.’ खाली तुमची सही आणि सहीखाली ‘लेखिका करिता’. साहेब जागेवर नसले की कचेरीत तुम्ही सही करून खाली ‘करिता’ लिहायचात, तसं. मी आत स्वयंपाकघरात रुसून बसले होते आणि तुम्ही दारात उभं राहून माझ्या वतीनं सह्या करत होतात.

त्या चाळीसही प्रतींवर केल्या होत्यात का हो?

पहिल्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. भाभींनी प्रत परत द्यायच्या बोलीवर दिली होती. सरकारच्या हाती गेलेलं परत येत नाही म्हणाल्या. मग घरी येऊन नववा रकाना भरला. पुस्तकाचं नाव: दुपारच्या पाण्याची वेळ. प्रकाशक म्हणून तुमचं नाव लिहिताना हात आधी ‘कै.’कडे गेला, पण थांबले. प्रकाशनाच्या दिवशी तुम्ही हयात होतात. नियमानं तसंच लिहायला हवं ना? किंमत: विक्रीसाठी नाही. उद्या कोर्टापाशी जाऊन त्या गृहस्थांना सांगते, पहिलं नाही, दुसरं पुस्तक आहे. अर्ज बाजूला पडेल. पडू दे. मला वाईट वाटेल, चार दिवस कुणाशी बोलणारही नाही मी, पण निरंक नाही लिहिणार.

एक शब्द देते. दुसरं पुस्तक निघेल, सरकारनं काढो की लग्नपत्रिकावाल्यानं. नारळ-कलशासकट निघालं तरी चालेल. त्या संक्रांतीला मी स्वयंपाकघरात बसणार नाही. विधवेनं वाण द्यायचं नसतं म्हणतात, म्हणोत. दारात उभी राहून एकेकीच्या हातात देईन आणि प्रत्येक प्रतीवर सही माझी असेल. कुणाला ‘करिता’ लिहावं लागणार नाही.

तुमची शैला
(लेखिका, स्वतः)