सत्र संपलेलं नाही

रत्नागिरी,
१९ जानेवारी

प्रिय वेदिका,

फोनवर तू म्हणालीस, "मॅडम, तुमच्या खरेपणाला माझाच पेपर सापडला?" आणि फोन ठेवलास. त्यानंतर मी तीनदा तुझा नंबर लावला आणि तिन्ही वेळा वाजायच्या आत बंद केला. तुझा प्रश्न रास्त आहे. त्याला फोनवर पुरेल एवढं छोटं उत्तर माझ्याकडे नाही, म्हणून लिहिते आहे. रागावूनच वाच, पण शेवटपर्यंत वाच.

आपल्या इंग्रजी अध्यापक परिषदेत अकरा वर्षं मी एकच काम करते आहे. वार्षिक अधिवेशनात एका सत्रात मागच्या बाकावर बसायचं, कोणी काय वाचलं ते टिपायचं आणि दुसऱ्या दिवशी समारोपात त्याचा अहवाल वाचायचा. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला नाही म्हणता येत नाही, म्हणून ते माझ्याकडे आलं. माझ्या सगळ्या अहवालांचं शेवटचं वाक्य एकच: 'सर्व निबंधांवर उद्बोधक चर्चा झाली.' ते मला आधीच्या मॅडमनी दिलं, त्यांना त्यांच्या आधीच्या सरांनी. एवढ्या वर्षांत चर्चा मी एकदाच ऐकली, तीही जेवणात मासे का नाहीत यावर. घरी येऊन डायरीत मात्र खरं लिहायची: पाच जण होते, दोघे मोबाइलवर, एक झोपलेला. एक वही परिषदेची, एक माझी. या सोयीचा मला कधी त्रास झाला नाही, हे आज लिहिताना जास्त टोचतं.

यंदा अधिवेशन आमच्याच कॉलेजात होतं. तू हेदवीहून अंधारात निघालीस, तवसाळची पहिली फेरीबोट धरलीस, जयगडहून एसटीने आलीस आणि नऊ वाजता माझ्यासमोर उभी राहिलीस, साडीच्या निऱ्या सारख्या करत. मी पेपर मागितला तर दिला नाहीस. "इथे नाही मॅडम, आत ऐका," म्हणालीस. मला एवढंच ठाऊक होतं की तुझ्या वर्गातल्या मच्छीमारांच्या मुलांना तू क्रमिक पुस्तक बाजूला ठेवून बोटीच्या इंजिनाची इंग्रजी माहितीपुस्तिका वाचायला लावलीस, आणि वर्षभर तोंड न उघडणारी पोरं बापाला इंजिन समजावून सांगायला लागली. तासिकेवर काम करणारी माझी विद्यार्थिनी हे करते आणि मी अजून जुन्या नोट्स सांगते, म्हणून अभिमान वाटला. थोडा मत्सरही वाटला, तोही लिहून टाकते.

पुढचं तुला माहीत आहे, पण तू समोरून पाहिलंस, मी मागून. चौदा नंबरच्या खोलीत सहा पेपर होते. दोघे आलेच नाहीत, त्यांची प्रमाणपत्रं त्यांच्या सहकाऱ्यांनी सकाळीच घेतली होती. सत्राध्यक्ष सुहास सरांनी सांगलीच्या आपल्या मित्राला चाळीस मिनिटं दिली. जो तो आपलं वाचून खाली बसकडे जात होता, कारण साडेतीनला मालगुंडची सहल होती. इंग्रजीच्या प्राध्यापकांना कवीचं घर बघायची केवढी घाई! तू उभी राहिलीस तेव्हा खोलीत सर, चिपळूणच्या संस्कृती मॅडम, मी आणि खोली बंद करायला कुलूप घेऊन आलेल्या शिपाई काशीबाई एवढेच होतो. पहिलं पान संपायच्या आत खाली हॉर्न वाजला. सर म्हणाले, "विषय छान आहे हं मॅडम, फक्त सारांश सांगा, बस उभी आहे." तू भराभर पानं उलटलीस, शेवटचा परिच्छेद वाचलास आणि रिकाम्या बाकांना थँक्यू म्हणालीस. तोवर सर दारात होते. तू गेल्यावर काशीबाई मला म्हणाल्या, "पोरगी चांगलं सांगत व्हती, मधीच कशाला गप केलात गो तिला?"

'केलात' म्हणाल्या. मी म्हणणार होते, मी नाही, सरांनी केलं. पण माझी पर्स त्या वेळी बसमध्ये होती, वेदिका. जेवण झाल्या झाल्या खिडकीची जागा धरायला मीच ती ठेवून आले होते. मी मागच्या बाकावर पेन घेऊन बसले होते आणि 'दोन मिनिटांत थांबवण्यात आले' असं टिपत होते. उठून 'सर, तिला वाचू द्या' म्हणायला पेन चालवण्याएवढेही श्रम नव्हते. मी म्हटलं नाही. मालगुंडला गेले, फोटोतही आहे.

दुसऱ्या दिवशी समारोपात मी जे झालं ते वाचलं: दोघे गैरहजर, एकाला चाळीस मिनिटं, शेवटच्या निबंधाला दोन, चर्चा झाली नाही. सभागृहात मागे कोणीतरी हसलं. आमचे सचिव ओमकार सर चहाच्या वेळी म्हणाले, "मॅडम, अहवाल म्हणजे पंचनामा नव्हे!" चार दिवसांनी कार्यकारिणीचं पत्र आलं. गैरहजर दोघांच्या प्रमाणपत्रांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. तुझं मात्र रोखलं, कारण माझ्याच अहवालानुसार तुझा पेपर पूर्ण वाचला गेला नाही. पुढच्या महिन्यात तुझी कायम जागेची मुलाखत आहे हे त्यांना माहीत आहे. ओमकार सरांनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, "एक ओळ बदला, मुलीचं प्रमाणपत्र आजच्या आज पाठवतो."

मी ती ओळ बदलायला बसले होते, हे तुझ्यापासून लपवत नाही. माझ्या स्वच्छ वहीची किंमत तू का द्यावीस, हा तुझा प्रश्न मी स्वतःला तुझ्याआधी विचारला होता. उठून बोलायची वेळ चुकवली आणि माइकवर धीट झाले, यात माझा मोठेपणा किती, हेही विचारलं. उत्तर माझ्या बाजूने आलं नाही. तरी ओळ बदलली नाही. तुझा पेपर वाचला गेला असं मी लिहिलं, तर त्या पोरांबद्दल, त्या इंजिनाबद्दल, त्या बापांबद्दल कोणालाच कधी ऐकायची गरज उरत नाही. तुला कागद मिळेल आणि तुझा पेपर कायमचा गप्प होईल. हे मी होऊ देणार नाही. सदस्यत्व काढायचं तर काढोत. कार्यकारिणीने माझा राजीनामाही मागितलाय, तो देणार नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगते. परिषदेची नियमावली मी पहिल्यांदाच पूर्ण वाचली. सत्राध्यक्षांनी समारोप करून सत्र संपल्याचं जाहीर केल्याशिवाय सत्र संपत नाही. सुहास सरांनी ते केलंच नाही, ते बसकडे पळाले. म्हणजे आपलं सत्र तहकूब आहे. ते शनिवारी सकाळी अकरा वाजता, चौदा नंबरच्या खोलीत पुढे सुरू होईल, असं मी सहाही निबंधवाचकांना, सरांना आणि कार्यकारिणीला रजिस्टर पोस्टाने कळवलं आहे. ओमकार सर म्हणतात, असं कधी झालेलं नाही. नियमात तसं करू नये असंही कुठे नाही. अध्यक्ष नाही आले तर हजर सभासदांनी एकाला निवडायचं असतं; मी सभासद आहे, आणि हजर असेन. तू ये आणि पहिल्या पानापासून वाच. मी प्रश्न विचारीन, कठीण विचारीन, पेपर कच्चा वाटला तर तेही अहवालात लिहीन. मग प्रमाणपत्र अडवायला त्यांच्याकडे कारण उरणार नाही, आणि तरी अडवलं तर मुलाखतीला मी अहवाल घेऊन तुझ्याबरोबर येईन. तुझा राग गेला नसेल, तू येणार नसशील, तर तोही तुझा हक्क आहे. मी अकरापासून एकपर्यंत बसेन, सत्र पुन्हा तहकूब करीन, आणि पुढच्या शनिवारची पत्रं टाकीन.

तुझीच,
आम्रपाली मॅडम