चार बोटं खाली

प्रिय दादा,

आज दुपारी तुझ्या जीपमध्ये बसल्या बसल्या माझा डोळा लागला आणि तू दिसलास. म्हणजे तू नाही, तुझे पाय. जीपखालून बाहेर आलेले, टाचांना भेगा, एका पायात चप्पल, दुसरी बेपत्ता. मी म्हटलं, "दादा, चहा निवला, बाहेर ये." तू खालूनच म्हणालास, "थांब, एवढा नट कसू दे." मी वाकून पाहिलं, तर जीपच्या पोटाखाली मेथीचं वावर होतं. लांबच लांब, धुक्यात बुडालेलं, आणि तू त्यात पाठमोरा चालला होतास.

जागा झालो तेव्हाच ठरवलं, आज तुला लिहायचं. कारण बातमी तशीच आहे. तुझ्या जीपला हूक बसला!

हो, तोच. मागे ट्रॉली जोडायचा, टोचनचा. आज पहाटे तुझी ट्रॉली तुझ्या जीपमागून रिसोडच्या भाजीबाजारात जाऊन आली. स्टेअरिंगवर कोण होतं, ते सांगतो. घाई करू नकोस. तुला आता कुठे जायचंय?

ती जीप तू आणलीस तो दिवस आठवतो? दोन दारांची, काडेपेटीएवढी, पण चारही चाकांनी ओढणारी. कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेली. मी तेव्हाच म्हटलं होतं, निवृत्तीनंतर कामाला लागलेली सरकारी वस्तू पृथ्वीवर एवढी एकच! तू हसला होतास. माझ्या जोकवर तू नेहमीच हसायचास रे. तीच तर अडचण झाली.

पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीत ट्रॅक्टर रुतायचे आणि तुझी ही काडेपेटी तुरुतुरु निघून जायची. मग लोक दोर घेऊन यायचे. आपल्या घराजवळच्या गणपतकाकांची गाडी काढताना तू दोर बंपरला बांधलास. बंपर निघून आला, गाडी तिथेच राहिली! काका चिखलात उभे राहून म्हणाले, "बाळू, तुह्या जीपनं तं सोताचाच दात पाडला." त्या दिवशी तू ठरवलंस की, हूक पाहिजे, आणि तोही चेसिसला. आणि हूक लावायचाच तर ट्रॉलीही पाहिजे. भाजी दुसऱ्याच्या टेंपोतून पाठवायची म्हणजे तो येईल तेव्हा तोडायची अन् तो निघेल तेव्हा विकायची. कोवळी भेंडी त्याची वाट पाहून म्हातारी व्हायची.

तू मात्र हुकाच्या आधी ट्रॉली करून आणलीस. रिसोडच्या ज्या माणसाने जन्मभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या केल्या, त्याच्याकडून. त्याने सवयीने पुढच्या दांडीला ट्रॅक्टरच्या मापाची कडी लावून दिली, ट्रॅक्टरच्याच उंचीला. जीपचा मागचा भाग एकीकडे, कडी दुसरीकडे. निंबाखाली दोघी उभ्या, रुसलेल्या जावांसारख्या.

आणि मी काय केलं? मी साप्ताहिकातल्या माझ्या सदरात लिहिलं: 'आमच्या गावात एका गृहस्थांनी आधी शेपूट करवून घेतले असून ते आता त्याला साजेसा प्राणी शोधत आहेत.'

काय खपला तो अंक! वाशीमच्या कोर्टासमोरच्या चहावाल्याने माझ्याकडून चहाचे पैसे घेतले नाहीत. गावात पोरंसोरं तुला विचारायची, "दादा, शेपूट कवा लावता?" तू मला एवढंच म्हणालास, "चांगलं लिवलं रे." मी ते कौतुक समजलो. माणूस पन्नाशीला आला तरी किती गाढव असू शकतो!

नंतर तू त्या ट्रॉलीत माती भरलीस, शेणखत भरलंस, आणि मिरचीची रोपं टाकलीस. तीन वर्षं ती ट्रॉली म्हणजे रोपांचा वाफा. मी यायचो, हिरवीगार ट्रॉली पाहायचो, म्हणायचो, "वा, शेपटीला केस आले!" तू पाणी घालत राहायचास. एकदा तरी रागावायचं होतंस! एक शिवी द्यायची होती. थोरल्या भावाला तेवढा हक्क असतो.

आणि मग एका सकाळी छातीत कळ आली नि तू सगळेच हक्क सोडून निघून गेलास.

तेराव्यानंतर तुझ्या मंगेशने पुण्याहून मला फोन केला. "काका, आईले समजावा. वावर ठोक्यानं कोनाले कसाले द्या, जीप काढून टाका, अन् तिले इकडं घेऊन या. एकटी काय काय करन ती?" पोरगा वाईट नाही, दादा. त्याला आईची काळजी आहे. मी निरोप सांगितला. वहिनी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याले सांगा, एक बाजार माह्या हातानं करून पाहीन. टेंपोबिंपो नाई, आपल्या गाडीनं. जमलं तं राहीन. नाई जमलं तं येईन पुन्याले, मंग कुरकुर नाई करणार."

मग मला म्हणाल्या, "भाऊजी, ते ट्रॉलीचं तुमीच करून द्या. लेखणी तुमचीच लागली होती न तिले?"

बघ! जिभेचं घराणं माझं, पण धार तुझ्या घरात.

ट्रॉलीतली माती आम्ही दोघांनी उपसली. ओलीने खालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता; त्यावर फळ्या ठोकल्या. मिरचीचं एक चुकार रोप कोपऱ्यात होतं, ते वहिनींनी परसात लावलं. मग ट्रॉली एका ट्रॅक्टरमागे जोडून पुढे पाठवली आणि जीप घेऊन मी शिरपूरला रशीदभाई वेल्डरकडे गेलो. देवळाला आलेली यात्रेकरूंची बस उभी होती, त्यातली दोन लहान मुलं जीपकडे पाहून टाळ्या वाजवत होती. तुझी जीप आहेच तशी. म्हाताऱ्या माणसाला बाळसं आल्यासारखी.

रशीदभाई जीपखाली सरकला. फडक्याने पट्ट्यांवरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "सुधाकरभाऊ, खाली या जरा."

मी झोपलो त्याच्या बाजूला. चेसिसच्या दोन्ही पट्ट्यांवर पांढऱ्या ऑइलपेंटचे ठिपके होते. बोल्टची भोकं कुठे पाडायची, त्याच्या खुणा. आणि बाजूला तुझ्या त्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: '४ बोटं खाली'.

"दादाच आले होते," रशीदभाई म्हणाला. "हुकाची पलेट कापून ठेवा म्हने. म्यां कापून ठेवली. मंग दुसऱ्या हप्त्यात येऊन म्हने, सध्या राहू द्या. म्यां म्हनलं, काहून? तं म्हने, भाऊ लिवनारा हाय माहा, लोकं हसून राह्यले. इसरू दे लोकायले, मंग लावू."

दादा, मी त्या जीपखाली पडून होतो आणि वर तेलाचा एक थेंब लोंबत होता. पडेना. मी किती वेळ त्याच्याकडे पाहत होतो कोण जाणे.

लोक केव्हाच विसरले होते रे! लोकांना दर आठवड्याला नवं शेपूट लागतं. विसरला नव्हतास फक्त तू. आणि मला तर आठवायचीही गरज वाटली नव्हती.

रशीदभाईने कोपऱ्यातून प्लेट आणली. तीन वर्षं जपून ठेवलेली, गोणपाटात गुंडाळून. पण अडलं भलत्याच ठिकाणी. "चार बोटं खाली, पन कोनाची बोटं?" त्याने आपला पंजा पुढे केला, त्याचं एक बोट म्हणजे दुसऱ्याची दीड. "माह्या बोटानं घेतलं तं कडी बसनार नाई. दादाचा हात पातळ होता. भाऊ तुमी सख्खे न? द्या तुमचा हात."

मी चेसिसखाली हात धरला. चार बोटं, आडवी, ठिपक्यापासून खाली. त्याने खडूने रेघ मारली आणि उठून ट्रॉलीची कडी मापून आला. तंतोतंत!

आयुष्यभर मी या हाताने लोकांची मापं काढली. पण हे पहिलंच माप, जे कुणाच्या कामी आलं.

वेल्डिंग त्याने फक्त हुकाच्या प्लेटला केलं, चेसिसला नाही. "चेसिसले आग नाई लावायची, बोल्टच पायजे," असं तो मलाच बजावत होता, जणू मी आग लावायला आलो होतो. तसा लौकिक आहे खरा. मग साखळी लावली, मागच्या दिव्यांची वायर ओढली. दोन ठिपके तो रंगाखाली घालायला निघाला, तेव्हा मी त्याचा ब्रश धरला. ते तेवढे राहू दिले.

आज पहाटे माल भरला. वांग्यांचे क्रेट, मेथी, कोथिंबीर, भेंडी. वहिनींनी पदर खोचला आणि स्टेअरिंगवर बसल्या. हो, त्याच! तू त्यांना गुपचूप गाडी शिकवलीस आणि मला पत्ता नाही? बरं केलंस. मी त्यावरही लिहिलं असतं.

धुकं इतकं होतं की रस्ता नव्हताच. वहिनी तो थोडा थोडा तयार करत चालल्या होत्या. आरशात ट्रॉली दुधात तरंगणाऱ्या होडीसारखी. आणि जरा वेग आला तशी ती डुलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे! जीपचा मागचा भाग उचलल्यासारखा वाटला. मी ओरडलो, "वहिनी, थांबा! ट्रॉली पलटते!"

त्यांनी ब्रेक दाबला नाही. पाय उचलला, गाडी आपोआप मंद होऊ दिली, मग कडेला घेतली. उतरल्या, माल पाहिला आणि कपाळाला हात लावला. "कोनं भरलं हे?"

"मी."

"वांगे सारे मांगं अन् मेथी पुढं? उलाळ झाली न गाडी! बैलगाडीत कधी बसले नाई काय, भाऊजी? वजन मांगं गेलं का जू वर उचलते. गाडी जराशी धुरजड पायजे, पुढं भार पायजे. मंग सरळ चालते."

आम्ही धुक्यात उभे राहून सगळे क्रेट पुढे घेतले. आणि खरंच, पुढे ट्रॉली अशी गपगुमान आली, जसा तुझ्यामागे मी लहानपणी शाळेत यायचो.

बाजारात एका म्हाताऱ्या दलालाने ओळखलं. "अरे, हे तं ते शेपूट!" माझे कान तापले. वहिनी मात्र उतरत म्हणाल्या, "शेपूट नाई काका, माह्या नवऱ्याची ट्रॉली हाय. हसून झालं असन तं उतरवू लागा." म्हातारा हसला आणि खरंच क्रेटला हात लावला.

उन्हं यायच्या आत माल संपला. तिथेच त्यांनी मंगेशला फोन लावला. "पुन्याले येईन रे बाबू, दिवाईले. चार दिवस. मेथी काढून झाली का मंग."

दादा, रशीदभाईकडे तू काय बोलला होतास, ते मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. आज हिंमत झाली नाही. उद्या सकाळी चहाच्या वेळी सांगीन; त्या जे बोलतील ते खाली मान घालून ऐकून घेईन. आणि ते सदरातही लिहीन, माझ्या नावानिशी. ज्यांना हसायचं असेल त्यांनी या वेळी मला हसावं.

पुन्हा कुणाला हसणार नाही, असं वचन देत नाही; तू विश्वास ठेवणार नाहीस. एवढं देतो: दर बाजाराच्या पहाटे मी येईन. आधी माल भरीन, जड क्रेट पुढे. मग हसेन.

आणि तिकडे कधी कशाचं माप घ्यायची वेळ आली, तर स्वप्नात नुसते पाय दाखवू नकोस. हाक मार. चार बोटं माझ्याकडे आहेत.

तुझा धाकटा,
सुध्या