कावेरीनं दिलेली दुसरी हजेरी
मंगळवार, येरमाळा

आज सातवीच्या वर्गात कावेरी दोनदा ‘हजर’ म्हणाली. दुसऱ्यांदा आवाज बारीक करून, चार दिवस न आलेल्या सोनालीसाठी. मी केवढी ओरडले! ती रडत म्हणाली, “मॅडम, तिचं नाव कटलं तर ती परत येणार न्हाय.” तो बारीक आवाज दिवसभर कानात राहिला. का ओरडले मी?

शाळा सुटल्यावर कावेरीलाच घेऊन सोनालीच्या घरी गेले. आई सोयाबीन काढायला गेलेली, सोनालीच्या कडेवर धाकटी बहीण. “बारकीला घेऊनच ये वर्गात,” म्हटलं. सोनालीचा विश्वासच बसेना.

परतताना कावेरीला सॉरी म्हणाले. ती लाजली. मग हळूच, “तुमी सॉरी म्हणलेलं आईला सांगू का?”

सांग म्हटलं. पोरगी पळतच सुटली.